जास्त यार्ड मिळवूनही संघ हरतो तेव्हा : फील्ड पोझिशन आणि स्पेशल टीम्सचा हिशेब

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा. मुलगा ओहायोतल्या एका हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात आहे. गेल्या शुक्रवारी त्याच्या संघाने प्रतिस्पर्ध्यापेक्षा बरेच अधिक यार्ड आणि अधिक फर्स्ट डाउन (दहा यार्ड पुढे सरकल्यावर मिळणाऱ्या नव्या चार संधी, म्हणजे डाउन) मिळवले, तरीही सामना गेला आणि प्रशिक्षकांनी ‘आपण स्पेशल टीम्समध्ये (किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्यांत) हरलो’ एवढेच सांगून विषय संपवला. स्वतःच्या ३८ यार्ड रेषेवर, म्हणजे स्वतःच्या गोलरेषेपासून ३८ यार्डांवर, चौथ्या आणि शेवटच्या डाउनला दोनच यार्ड हवे असताना त्यांनी पंट करून, म्हणजे हातातला चेंडू लाथेने लांब मारून, तो प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकला, तेव्हा बाकांवरचे पालक चिडले. ते चिडणे योग्य होते का, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय मुलाला फक्त पंट आणि किकऑफच्या (खेळ सुरू करणाऱ्या किकच्या) वेळीच मैदानात उतरवतात, याची खंतही तुम्ही जाता जाता नोंदवली आहे.

वरवर हे तीन प्रश्न दिसतात, पण माझ्या मते मूळ प्रश्न एकच आहे : चेंडू मैदानावर कोठे आहे याला, म्हणजेच फील्ड पोझिशनला, किती किंमत द्यायची? मी इथल्याच एका शाळेत किकिंगच्या तुकड्यांचा सहायक प्रशिक्षक म्हणून बरीच वर्षे काम करतो आहे, त्यामुळे माझे उत्तर त्या बाजूला थोडे झुकलेले असेल हे गृहीत धरा. तुमच्या संघाचा किकर कसा आहे, बचाव कितपत भक्कम आहे, वारा कोणत्या दिशेने होता, या गोष्टी मला माहीत नाहीत आणि त्यांवर बरेच अवलंबून असते. म्हणून मी निकाल देण्यापेक्षा विचार कसा करावा ते सांगतो.

प्रथम यार्डांचा हिशेब पाहू. एका संघाची ड्राइव्ह (एका ताब्यातली आगेकूच) स्वतःच्या २० यार्ड रेषेवरून सुरू झाली, त्याने ५५ यार्ड मजल मारली आणि प्रतिस्पर्ध्याच्या २५वर तो अडला, तर त्याच्या पदरात फार तर फील्ड गोलचे, म्हणजे खांबांमधून किक मारण्याचे, तीन गुण पडतात. दुसऱ्या संघाला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या ४५वर मिळाला, तर तो ४५ यार्डांतच चेंडू गोलरेषेपार नेऊन टचडाउनचे सहा गुण घेऊन जातो. सामन्यानंतरच्या आकडेवारीत पहिला संघ दहा यार्डांनी सरस दिसतो आणि गुणफलकावर मागे असतो. एका सामन्यात प्रत्येक संघाला साधारण दहा-बारा वेळा चेंडूचा ताबा मिळतो. समजा एका संघाची ड्राइव्ह दर वेळी सरासरी आठ यार्ड पुढून सुरू झाली, तर बारा ताब्यांत तो फरक ९६ यार्डांचा, म्हणजे जवळजवळ अख्ख्या मैदानाएवढा होतो. आणि हे ९६ यार्ड आक्रमणाच्या रकान्यात कोठेच नोंदले जात नाहीत. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षकाने सीमारेषेवर अडवलेल्या धावा धावफलकात कोणाच्याच नावावर लागत नाहीत, पण सामना फिरवतात, तसेच हे आहे. हे न दिसणारे यार्ड मिळवण्याचे किंवा गमावण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे किक : किकऑफ, पंट, त्यांचे परतावे (झेललेला चेंडू घेऊन केलेली उलट धाव) आणि चुकलेले फील्ड गोल. चेंडू हिसकावल्यानेही जागा बदलते, पण त्या घटना बेभरवशाच्या असतात. किक मात्र ठरवून, सराव करून मारता येते.

दुसरी गोष्ट अशी की मैदानावरचे सगळे यार्ड सारख्या किमतीचे नसतात. व्हर्जिल कार्टर हे सिनसिनाटी बेंगल्स या व्यावसायिक संघाचे क्वार्टरबॅक (पास टाकणारे, आक्रमण चालवणारे खेळाडू) होते आणि १९७१मध्ये रॉबर्ट मॅकॉल यांच्यासह त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मैदानाच्या अमुक ठिकाणी पहिला डाउन असेल तर यापुढे होणाऱ्या गुणांची सरासरी काय पडते, हे त्यांनी प्रत्यक्ष सामन्यांवरून मोजले. स्वतःच्या पाच यार्ड रेषेवर ही किंमत चक्क उणे, म्हणजे वजा सव्वाच्या आसपास निघाली. स्वतःच्या वीस-बावीसजवळ ती शून्य होते, मैदानाच्या मध्याजवळ दोनच्या घरात जाते आणि प्रतिस्पर्ध्याच्या पाच यार्डांवर सहाला पोहोचते. त्यानंतर खेळ बदलला, पासेस वाढले, नवे आकडे थोडे वर सरकले. पण आलेखाचा आकार तोच आहे. चेंडू हातात असणे हे तोट्याचेही असू शकते, ही गोष्ट नव्या प्रेक्षकाला पटत नाही, आणि ती पटल्याशिवाय पंट कळत नाही.

हे उणे येते कोठून, ते जरा सावकाश पाहण्यासारखे आहे. समजा तुमच्या पंटरने प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच तीन यार्ड रेषेवर कोंडले. आता त्याच्या क्वार्टरबॅकला मागे सरकून पास टाकायला जागा नाही, कारण एंड झोनमध्ये (गोलरेषेमागच्या दहा यार्डांच्या पट्ट्यात) पकडला गेला तर सेफ्टीचे दोन गुण तुम्हाला मिळतात आणि वर त्यानंतरची किकही त्यालाच मारावी लागते. म्हणून तो सरळ, बचावाला आधीच ओळखता येतील अशा धावांवर येतो आणि बहुधा तीन डाउनमध्ये अडतो. मग त्याच्या पंटरची पंचाईत होते. एरवी पंटर चेंडूच्या मागे पंधरा यार्डांवर उभा राहतो; इथे तीन यार्ड मैदानाचे आणि दहा एंड झोनचे मिळून तेराच यार्ड आहेत आणि मागच्या रेषेवर पाय पडला तर पुन्हा सेफ्टी. तो पुढे सरकतो, घाईने मारतो, आणि चाळीस यार्डांचा बऱ्यापैकी पंट झाला तरी चेंडू त्याच्याच ४३वर पडतो. म्हणजे तुमचा पुढचा ताबा मध्यरेषेच्या पलीकडून सुरू होतो. पहिल्या पंटचे फळ असे एका अदलाबदलीनंतर हाती येते आणि तोपर्यंत प्रेक्षक तो पंट विसरून गेलेले असतात.

याचे टोकाचे उदाहरण आयोवा विद्यापीठाचे. सप्टेंबर २०२२मध्ये त्यांनी साउथ डकोटा स्टेटला ७–३ असे हरवले आणि त्या सातांत एकही टचडाउन नव्हता : एक फील्ड गोल आणि दोन सेफ्टी. त्या संघाचे आक्रमण तेव्हा देशभर थट्टेचा विषय झाले होते. बचाव मात्र उत्तम होता आणि टोरी टेलर नावाचा मेलबर्नहून आलेला पंटर होता. आयोवाला येण्यापूर्वी तो अमेरिकन फुटबॉल खेळलेलाच नव्हता. पुढे २०२३च्या मोसमात सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कार त्याला मिळाला आणि २०२४च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) शिकागो बेअर्सने त्याला चौथ्याच फेरीत घेतले. असा खेळ पाहायला रटाळ असतो हे मी मान्य करतो, पण दुबळ्या आक्रमणानिशी सामने जिंकायचे तर दुसरा मार्ग सहसा नसतो.

आता पंटचे मोजमाप. पालक पंट किती लांब गेला ते पाहतात. आम्ही निव्वळ अंतर पाहतो, म्हणजे परतावा आणि टचबॅक वजा जाता उरलेले. पन्नास यार्डांचा सपाट पंट अठरा यार्ड परत आला तर हाती उरतात बत्तीस. चाळीस यार्डांचा पण उंच पंट, ज्याखाली आपले गनर (झेलणाऱ्याच्या अंगावर सर्वांत आधी धावून जाणारे खेळाडू) वेळेवर पोहोचल्यामुळे झेलणाऱ्याने निमूटपणे फेअर कॅचची, म्हणजे न धावता फक्त झेलण्याची, खूण केली, तो पूर्ण चाळीस देतो. प्रतिस्पर्ध्याच्या ४०वरून मारलेला पंट एंड झोनमध्ये गेला तर टचबॅकमुळे चेंडू २०वर येतो आणि निव्वळ कमाई वीसच. चेंडू हवेत किती वेळ राहिला याला म्हणूनच महत्त्व आहे. व्यावसायिक पातळीवर साडेचार सेकंद ही चांगली वेळ मानतात, आणि लाँग स्नॅपरच्या (वाकून पायांमधून चेंडू मागे पंटरकडे फेकणाऱ्याच्या) हातून चेंडू सुटल्यापासून पंटरच्या पायाला लागेपर्यंत दोन सेकंदांहून किंचितच अधिक वेळ लागतो. शाळेत मी अडीच सेकंदांच्या पलीकडे गेलेला पंट धोक्याचा समजतो, कारण त्यानंतर तो अडवला जाणे हा केवळ समोरच्यांच्या चपळाईचा प्रश्न उरतो. आमच्या सरावात स्टॉपवॉच जितके वापरले जाते तितकी मोजपट्टी नाही.

सपाट पंट काय करू शकतो याचा सर्वांना आठवणारा पुरावा १९ डिसेंबर २०१०चा आहे. न्यूयॉर्क जायंट्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स ३१–३१ अशा बरोबरीत होते आणि सेकंद संपत आले होते. जायंट्सच्या पंटरला सूचना चेंडू मैदानाबाहेर मारण्याची होती. पंट मात्र थेट ईगल्सच्या डिशॉन जॅक्सनकडे गेला. त्याच्या हातून चेंडू आधी निसटला, मग त्याने तो उचलला आणि ६५ यार्ड धावून सामनाच संपवला.

फील्ड गोलबाबत एक साधे गणित लक्षात ठेवा : चेंडू जेथे आहे त्यात सुमारे सतरा यार्ड मिळवा, दहा एंड झोनचे आणि सात मागे केलेल्या स्नॅपचे. प्रतिस्पर्ध्याच्या ३५वरून म्हणजे ५२ यार्डांची किक. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, ती चुकली तर प्रतिस्पर्ध्याला चेंडू किक जेथून मारली तेथे मिळतो, त्यामुळे तिथे लांबून चुकण्याची शिक्षा मोठी असते. शालेय नियम वेगळे आहेत. चुकलेली किक गोलरेषा ओलांडून गेली तर तो टचबॅक होतो आणि चेंडू २०वर ठेवला जातो. याचा अर्थ असा की, ज्या मुलाच्या पायात ताकद आहे पण अचूकपणा नाही, त्याने लांबून मारलेला फील्ड गोल चुकला तरी पंटचे काम करून जातो. पुष्कळ शालेय प्रशिक्षक ही सवलत वापरत नाहीत आणि मला त्याचे नवल वाटते.

किकऑफचे नियम तुम्ही टीव्हीवर पाहता त्यावरून शिकू नका. एनएफएलने २०२४पासून दोन्ही संघांचे खेळाडू समोरासमोर जवळ उभे करून किकऑफची सगळी रचनाच बदलली, टचबॅक ३०वर आणला आणि २०२५मध्ये तो ३५वर नेला. तुमच्या मुलाच्या सामन्यात किक ४०वरून होते, गोलरेषा ओलांडताच चेंडू मृत होतो आणि प्रतिस्पर्ध्याला २०वरून सुरुवात करावी लागते. साठ यार्ड लांब मारू शकणारा मुलगा ज्या शाळेकडे आहे, त्या शाळेला परताव्याची धास्तीच राहत नाही. उलट किक बाजूच्या रेषेबाहेर गेली तर प्रतिस्पर्धी ३५वरून सुरुवात करतो. पंधरा यार्ड फुकट.

‘स्पेशल टीम्समध्ये हरलो’ हे वाक्य प्रशिक्षकांची सबब वाटू शकते, आणि कधीकधी ती असतेही. पण तुमच्या शुक्रवारच्या सामन्यासारखी गोष्ट व्यावसायिक पातळीवर एक अख्खा मोसम घडलेली आहे. २०१०मध्ये सॅन दिएगो चार्जर्स मिळवलेल्या यार्डांत लीगमध्ये पहिले होते आणि कमीत कमी यार्ड देण्यातही पहिले होते. त्यांनी नऊ सामने जिंकले, सात हरले आणि प्लेऑफला मुकले. सुरुवातीच्याच सामन्यात कॅन्सस सिटीच्या डेक्स्टर मॅकक्लस्टरने त्यांच्याविरुद्ध ९४ यार्डांचा पंट परतावा टचडाउनपर्यंत नेला. दोन आठवड्यांनी सिअ‍ॅटलमध्ये चार्जर्सचा क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्सने चारशेहून अधिक यार्डांचे पासेस टाकले, तरी लिऑन वॉशिंग्टनने दोन किकऑफ थेट एंड झोनमध्ये नेले आणि चार्जर्स २०–२७ असे हरले.

एकाच सामन्यात हे सारे पाहायचे असेल तर ११ फेब्रुवारी २०२४चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, पुन्हा पाहा आणि फक्त किककडे लक्ष द्या. सॅन फ्रान्सिस्को १०–६ असे पुढे होते आणि कॅन्सस सिटीचे आक्रमण अडखळत होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांनी नाइलाजाने पंट केला. चेंडू खाली येताना सॅन फ्रान्सिस्कोच्या डॅरल लुटरच्या पायाला लागला. हा मुलगा परतावा घेणारा नव्हता, तो गनरला अडवत होता आणि चेंडू कोठे आहे हे त्याला दिसतच नव्हते. पायाला लागताच चेंडू कोणीही घ्यावा असा झाला, रे-रे मॅक्लाउडला तो सावरता आला नाही आणि कॅन्सस सिटीने १६ यार्ड रेषेवर तो मिळवला. पुढच्याच खेळीला टचडाउन. चौथ्या क्वार्टरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोने टचडाउन करून १६–१३ अशी आघाडी घेतली, पण त्यानंतरची एका गुणाची किक लिओ शनालने अडवली. तो गुण मिळाला असता तर पुढे कॅन्सस सिटीला अखेरच्या क्षणी फील्ड गोलवर बरोबरी साधता आली नसती. अर्थात गुणफलक वेगळा असता तर दोन्ही बाजू वेगळ्याच खेळल्या असत्या, त्यामुळे हा युक्तिवाद फार ताणू नये. पण १९–१९ नंतर जादा वेळेत २५–२२ असा लागलेला निकाल कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सइतकाच त्या दोन किकनी घडवला, असे मी मानतो. आमच्या मुलांना मी लुटरची खेळी दाखवतो. त्याला दोष देण्यासाठी नव्हे. चेंडू झेलता येणार नसेल तेव्हा परतावा घेणाऱ्याने ठरलेली हाक मोठ्याने द्यायची आणि ती ऐकताच बाकी सर्वांनी चेंडूपासून पळायचे, हे ठसवण्यासाठी.

आता तुमचा चौथा डाउन. कार्टर आणि मॅकॉल यांचे आकडे कामचलाऊ म्हणून घेऊ आणि तुमच्या शाळेचा पंट निव्वळ तीस यार्ड देतो असे धरू. पंट केला तर प्रतिस्पर्ध्याला त्याच्या ३२वर चेंडू मिळतो आणि त्याची किंमत तुमच्या दृष्टीने वजा ०.७ येते. प्रयत्न केला आणि साधला, तर तुम्ही ४१च्या आसपास, अधिक १.३. प्रयत्न फसला तर प्रतिस्पर्धी तुमच्या ३८वर, वजा २.९. यशात कमाई दोन गुणांची, अपयशात नुकसान सव्वादोनच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक वेळा दोन यार्ड मिळत असतील तर प्रयत्न करणे योग्य. आता पंटर बदला. निव्वळ चाळीस यार्ड देणारा पंटर असेल तर प्रतिस्पर्धी २२वर येतो, पंटची किंमत शून्य होते, आणि त्याच प्रयत्नाला आता दहापैकी सात वेळा यश यावे लागते. डाउन तोच, अंतर तेच, रेषाही तीच. केवळ पंटरमुळे योग्य उत्तर बदलले.

म्हणून बाकांवरून ओरडणे बरोबर की चूक, हे पंटर पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. अर्थतज्ज्ञ डेव्हिड रोमर यांनी २००६मध्ये दाखवून दिले की व्यावसायिक प्रशिक्षक चौथ्या डाउनला गरजेपेक्षा फार जास्त वेळा किक मारतात, आणि गेल्या काही वर्षांत एनएफएलचे संघ अधिक धाडसी झाले आहेत. शाळांत तर पंट बहुधा कमजोरच असतो, त्यामुळे माझा कल साधारणपणे पालकांच्या बाजूने पडेल. पण पाऊस पडत असेल, समोरच्या संघाला साठ-सत्तर यार्डांची ड्राइव्ह जमतच नसेल आणि तुमची आघाडी असेल, तर पंट करणाऱ्या प्रशिक्षकांना भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. तुम्हाला स्वतः पडताळायचे असेल तर पुढच्या सामन्यात एक वही न्या आणि दोन्ही संघांची प्रत्येक ड्राइव्ह कोठून सुरू झाली एवढेच लिहा. शेवटी दोन सरासऱ्या काढा. तुमच्या शुक्रवारच्या सामन्यात त्यांत दहाएक यार्डांचा फरक निघाला असता असा माझा अंदाज आहे.

राहिला मुलाचा प्रश्न. शालेय संघांत आक्रमणातले आणि बचावातले प्रमुख खेळाडू बहुधा तेच असतात आणि ते दमतात, म्हणून शहाणे प्रशिक्षक किकच्या तुकड्यांत ताज्या दमाची, सांगितलेले ऐकणारी मुले उतरवतात. त्याला तिथे निवडले आहे याचा अर्थ त्याच्यावर भरवसा आहे. त्याने तीन गोष्टींवर मेहनत घ्यावी. किकऑफनंतर चेंडूच्या दिशेने आत वळण्याचा मोह टाळून स्वतःला नेमून दिलेला मैदानाचा पट्टा सोडू नये. लांब परताव्यांपैकी बरेचसे कोणीतरी पट्टा सोडल्यानेच होतात. परताव्याच्या वेळी मागून धक्का देऊ नये, कारण त्या दंडाने आपल्याच धावपटूचे सगळे श्रम वाया जातात. आणि त्याची शरीरयष्टी मध्यम असून हात स्थिर असतील, तर त्याने प्रशिक्षकांना विचारून लाँग स्नॅपिंग शिकायला घ्यावे. तेरा-चौदा यार्ड मागे, पंटरच्या कमरेच्या उंचीवर, दर वेळी तसाच चेंडू देणारा मुलगा बहुतेक शाळांना सापडत नाही. घराच्या मागच्या अंगणात भिंतीवर खूण करून रोज थोडा वेळ सराव करता येतो. सुरुवात सात यार्डांपासून करावी, आधी दिशा साधावी आणि वेग मागाहून वाढवावा.